विंडोजशिवाय गेमिंग : सोलापूरच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

विंडोज १० ला फुकट मिळणारी नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतही घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या घरी असतं काय? एखाद्या ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि नंतर बसवलेली एसएसडी. मशीन धडधाकट आहे, फक्त विंडोजने त्याला रांगेबाहेर काढलंय. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकता येते हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ते टाकायच्या आधी प्रत्येकजण एकच विचारतो, "गेम चालतील का बे?"

चालतात, आणि दहा वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं इतके चालतात. पण सगळे नाही, आणि सगळ्या सिस्टिमवर तर नाहीच. म्हणून माझा आग्रह एवढाच, की सिस्टिम आधी निवडू नका, गेमची यादी आधी करा. गेम परक्या सिस्टिमवर कशाच्या जोरावर चालतो हे एकदा कळलं, की कुठे वेळ घालायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

पायरी १ : यादी करा आणि तिच्यावर खुणा करा

पुढच्या वर्षभरात तुम्ही खरोखर खेळणार आहात ते गेम कागदावर लिहा. सोलापुरातल्या कुठल्याही मित्रमंडळींत बसलात तर यादी साधारण अशी निघते : व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट, एज ऑफ एम्पायर्स, आणि सायबर कॅफेच्या काळातलं प्रेम म्हणून व्हाइस सिटी किंवा प्रिन्स.

व्हॅलोरंटवर लगेच फुली मारा. त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात जाऊन बसतं, ते लिनक्सवर येत नाही. लीग ऑफ लेजंड्सचंही २०२४ पासून तेच झालं. फोर्टनाइटवरही फुली. एपेक्स लेजंड्स काही वर्षं लिनक्सवर छान चालत होतं, २०२४ च्या अखेरीस कंपनीने ते दार स्वतःहून बंद केलं. जीटीए फाइव्हमध्ये एकट्याने खेळायचा कथाभाग चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट बसवल्यापासून ऑनलाइन भाग लिनक्सवाल्यांना बंद आहे. ही अडचण तंत्राची कमी आणि मर्जीची जास्त आहे. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोघांनीही २०२१ मध्येच लिनक्ससाठी सोय करून ठेवली, ती वापरायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. बीजीएमआयसाठी मोबाइलच हातात घ्या, त्याचा विचार इथे नको.

आता बरोबरची खूण कुणाला? काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्ससाठीच बनवलेल्या आवृत्त्या आहेत. जुन्या काउंटर-स्ट्राइक १.६ चीही लिनक्स आवृत्ती स्टीमवर (व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात) २०१३ पासून आहे, आणि चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर ती आरामात चालते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चालते. एज ऑफ एम्पायर्स टूची नवी आवृत्ती प्रोटॉनमधून चालते. व्हाइस सिटी वाइनमधून चालते. प्रोटॉन आणि वाइन म्हणजे काय, ते पुढे सांगतोच.

बाकीच्या गेमसाठी प्रोटॉनडीबी नावाची साइट उघडा. तिथे गेमचं नाव टाकलं की प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ, बॉर्क्ड असा दर्जा दिसतो. नवखे फक्त तो दर्जा बघतात, ते पुरेसं नाही. खाली लोकांनी लिहिलेले अहवाल वाचा, तारीख बघा आणि आपल्यासारखं ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस शोधा. महागड्या कार्डावर मिळालेला प्लॅटिनम तुमच्या एचडी ४६०० ला (चौथ्या पिढीच्या इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सला) काही कामाचा नाही. ऑनलाइन गेमसाठी "आर वी अँटी-चीट येट" ही दुसरी साइट आहे, तिथे कुठलं अँटी-चीट चालतं याची यादी मिळते.

तुमची निम्म्याहून जास्त यादी फुलीची निघाली, तर एवढ्यावरच थांबा. विंडोज राहू द्या आणि जोडीला एका छोट्या भागात लिनक्स टाका. त्यात कमीपणा काहीच नाही.

गेम परक्या सिस्टिमवर चालतो कसा

विंडोजचा गेम विंडोजशी विंडोजच्याच भाषेत बोलतो : ही फाइल उघड, हा आवाज काढ, पडद्यावर हा त्रिकोण काढ. वाइन हा प्रोग्रॅम मध्ये बसून ते बोलणं लिनक्सला समजेल असं करून देतो. आपल्या पूर्व भागातल्या पेढीवर मालक तेलुगूत भाव सांगतो, विजापूरचा व्यापारी कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि मधला दलाल दोघांचंही काम थांबू देत नाही, तसं. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! ज्यांनी हे चिकाटीने केलं, त्यांच्या जिवावर आज आपण खेळतो.

खरा गुंता ग्राफिक्सचा होता. विंडोजचे गेम डायरेक्टथ्रीडी वापरतात, ते लिनक्सवर नाही. २०१६ मध्ये व्हल्कन नावाचा, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला ग्राफिक्सचा पाया आला. मग डीएक्सव्हीके आलं, जे डायरेक्टथ्रीडीची कामं व्हल्कनच्या कामांत बदलतं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने स्टीममध्येच देऊन टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र विकायला आलं, त्यात विंडोज नाहीच, आर्च या लिनक्सच्या एका प्रकारावर उभी असलेली स्टीमओएस आहे. ते आपल्याकडे कुणाजवळ असो-नसो, त्याच्यासाठी झालेली प्रत्येक दुरुस्ती तुमच्या ऑप्टिप्लेक्सलाही मिळते.

हे आधी का सांगितलं, तर याच्या उलट प्रयोगही होऊन गेलेत. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली, एकेक गेम हाताने लिनक्सवर आणायची आणि विकायची. जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. २०१५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन आणली, तीही लिनक्ससाठी खास बनवलेल्या गेमच्या भरवशावर. तीही चालली नाही. थोड्या गिऱ्हाइकांसाठी प्रत्येक गेम वेगळा बनवायचा, हे गणित बसत नाही. सगळ्यांना लागू पडणारा मधला थर एकदा बनवायचा, हे बसतं. लोकी गेली, पण तिथे काम केलेल्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेलं एसडीएल (गेमला पडदा, आवाज, कीबोर्ड यांच्याशी जोडून देणारा तयार कोड) टिकलं, आणि आज छोट्यात छोट्या सिस्टिमवरही गेम येतो तो बहुतेक वेळा त्याच्याच आधाराने. कुठल्याही सिस्टिमचं गेमिंगमधलं भविष्य जोखायचं असेल, तर तिच्यावर व्हल्कन आहे का, वाइन आहे का, एसडीएल आहे का, हे तीन प्रश्न विचारा. लोगो सुंदर आहे का, हे नंतर बघू.

पायरी २ : मशीन तपासा

पहिला आकडा प्रोसेसरच्या पिढीचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि इंटेलचंच अंगचं ग्राफिक्स असेल, तर सीमारेषा सहाव्या पिढीवर आहे. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं, ते इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सहाव्या पिढीपासून नीट मिळतं. चौथ्या पिढीत व्हल्कन अर्धवट आहे, तिसरीत तर नावापुरतंच. म्हणजे ही मशीन टाकाऊ झाली असं नाही. जुने गेम वाइनच्या ओपनजीएलच्या (व्हल्कनच्या आधीच्या ग्राफिक्स पायाच्या) वाटेने चालतात, लिनक्सचे स्वतःचे गेम चालतात. पण डायरेक्टथ्रीडी ११ चे नवे गेम तिथे मागू नका.

कार्ड विकत घेणार असाल तर एक गोष्ट मनापासून सांगतो : एनव्हिडियाची जीटी ७१० आणि जीटी ७३० घेऊ नका. दुकानात तीच पुढे केली जातात, कारण स्वस्त आहेत. त्यातल्या बऱ्याचशा केप्लर पिढीच्या, काही त्याहूनही जुन्या. केप्लरसाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर ४७० मालिकेवर येऊन थांबला, त्यात व्हल्कन १.३ नाही. पैसे घालूनही प्रश्न जागेवरच. सेकंडहँड एएमडी आरएक्स ५५० मिळालं तर बघा. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. जीटीएक्स १०५० टीआय पण चालेल. मात्र ऑप्टिप्लेक्सचा पॉवर सप्लाय बारका असतो, तेव्हा वेगळी पॉवर केबल न लागणारंच कार्ड घ्या. आडवी, बुटकी कॅबिनेट असेल तर कार्डही बुटकं लागेल, घरून उंची मोजूनच दुकानात जा.

रॅम आठ जीबी असेल तर चार-चारच्या दोन पट्ट्या असू द्या. अंगचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याला खरोखर फरक पडतो.

आणि कॅबिनेट उघडा. हे सोलापूरसाठी खास सांगतोय. यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताची लव बसते. ती धुळीसारखी भुरभुरीत नसते, हीटसिंकच्या पात्यांमध्ये दाबून बसून तिचा पातळ नमदा होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण खाली हवा जातच नाही. पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला करा, नमदा चिमट्याने उचला, मग ब्रश फिरवा. हीटसिंक प्रोसेसरवरून सुटलाच, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना गेम अडखळतो, तेव्हा दोष लिनक्सला जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करत असतो, एवढंच.

पायरी ३ : लिनक्स कुठलं

नवख्याला माझा सल्ला लिनक्स मिंट. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, रूप विंडोजच्या जवळचं आहे आणि अडलात तर उत्तरं सापडतात. रॅम चारच जीबी असेल तर त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मशीन नवं असेल, कार्ड एएमडीचं असेल आणि फक्त खेळायचंच असेल, तर बझाइट बघा. ते फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे, स्टीम आतच येतं आणि टीव्हीला जोडून गेमपॅडवर चालवायला ते फार सोयीचं आहे. जुन्या मशीनवर मात्र मिंटच.

पायरी ४ : टाकणं

आधी फोटो, मार्कशीट, प्रोजेक्ट सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज ठेवून जोडीला टाकणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पुढे बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती मागतं, आणि नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर रुफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टाका. मशीन सुरू करताना डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. लगेच इन्स्टॉल करू नका, पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय, आवाज आणि गेमपॅड तपासा. सगळं ठीक असेल तरच पुढे जा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल त्या दिवशी डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय काढू नका.

गेमसाठी जागा लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागातच ठेवा. अनेकजण विंडोजच्या एनटीएफएस डी ड्राइव्हवरचे गेम तिथूनच प्रोटॉनने चालवायला जातात. प्रोटॉनला ज्या नावांच्या फाइली आणि दुवे बनवावे लागतात ते एनटीएफएसवर नीट बनत नाहीत, आणि गेम "लाँचिंग" दाखवून काही न बोलता बंद होतो. पहिल्या आठवड्यातल्या तक्रारींत ही हमखास असते.

पायरी ५ : ड्रायव्हर आणि स्टीम

इंटेल किंवा एएमडी असेल तर अपडेट मॅनेजर चालवून सगळी अपडेट्स घ्या, काम झालं. एनव्हिडिया असेल तर मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, "शिफारस केलेला" लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच पासवर्ड मागणारा निळा पडदा येतो. घाबरू नका, इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड तिथे टाकायचा असतो.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम शोधलं की दोन प्रकार दिसतील. फ्लॅटपॅक सोडून सिस्टिम पॅकेज घ्या, दुसऱ्या डिस्कवरची लायब्ररी आणि गेमपॅड यांत कटकट कमी होते. लॉगिन केल्यावर सेटिंग्जमधला कम्पॅटिबिलिटी भाग एकदा बघून घ्या. नव्या स्टीममध्ये सगळ्या गेमसाठी प्रोटॉन आधीपासून सुरू असतो, जुन्यात तो चालू करावा लागतो.

पहिला गेम हलकाच टाका. सुरू करताना "प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स" अशी पट्टी येईल आणि जुन्या प्रोसेसरवर ती बराच वेळ रेंगाळेल. मशीन लटकलेलं नाही, गेमची चित्रं काढायची सूत्रं तुमच्या कार्डाच्या भाषेत आधीच तयार करून ठेवली जातायत. स्किप दाबता येतं, पण मग तीच कामं खेळताना होतात आणि प्रत्येक नव्या खोलीत शिरताना झटका बसतो. पहिल्या वेळी होऊ द्या.

गेम सुरूच झाला नाही, तर गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडा. आधी एक्सपेरिमेंटल, मग एखादी जुनी. गेम चालतो पण मधल्या व्हिडिओच्या जागी रंगीत उभे पट्टे दिसतात, असं झालं तर त्या व्हिडिओचा कोडेक (तो उलगडून दाखवणारा भाग) नाही. त्यासाठी प्रोटॉनअप-क्यूटी हे छोटं साधन टाकून त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारलेली आवृत्ती उतरवा. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

विकत घेतलेला गेम चाललाच नाही तर पैसे अडकत नाहीत : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम परतावा देतं. म्हणून घेतल्या घेतल्या तपासा, महिनाभर लायब्ररीत ठेवू नका. किमती रुपयांत असतात आणि सेलमध्ये चांगल्या उतरतात. हिवाळी सेल आपल्या गड्डा यात्रेची गर्दी लागायच्या आत संपतो, एवढं लक्षात ठेवा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ४० जीबीचा गेम उतरवणं म्हणजे महिना गेला. मित्राकडे तोच गेम असेल तर दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा. स्टीममध्ये २०२३ पासून घरच्या नेटवर्कवरून गेम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर घ्यायची सोय आहे. मित्राचं मशीन विंडोजचं असलं, तरी प्रोटॉनने चालणाऱ्या गेमच्या फाइली त्याच असतात.

एपिक आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांतले गेम हिरोइक या प्रोग्रॅममधून येतात. सीडीवरचे जुने गेम लुट्रिसमधून. पेनड्राइव्हवर फिरणारे चोरीचे रीपॅक मात्र आणू नका. वाइनमधून चाललेल्या प्रोग्रॅमला तुमचं होम फोल्डर दिसतं, त्यातला व्हायरस तुमच्या फाइलीपर्यंत पोचू शकतो. आणि फुकटचं चांगलं इतकं आहे की चोरीची गरजच नाही. सुपरटक्सकार्ट चार पोरांत लावा. एज ऑफ एम्पायर्सची आवड असेल तर झिरो ए.डी. खेळा. बॅटल फॉर वेसनॉथ, ओपनटीटीडी, लुआंटी हे सगळे सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एका क्लिकवर आहेत आणि चौथ्या पिढीच्या मशीनवर छान पळतात.

गेमपॅड घेताना एक्सबॉक्ससारखा ओळखला जाणारा वायरचा घ्या, लावला की चालतो. उन्हाळ्यात मँगोहड टाकून ठेवा : पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम आणि तापमान दिसतं, फ्रेमची मर्यादाही घालता येते. ६० वर, किंवा लॅपटॉप असेल तर ४० वर बांधून ठेवा. पंख्याचा आवाज लगेच उतरतो.

पायरी ६ : लिनक्सच्याही पलीकडे

इथपर्यंत आलेल्यांपैकी काहींना आता आणखी वेगळ्या सिस्टिमचं कुतूहल लागेल. लागू दे. फक्त वर सांगितलेले तीन प्रश्न सोबत ठेवा.

यात मला सगळ्यात जिव्हाळा हायकूचा. जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीने बीओएस बनवली, २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम कंपनीला विकली गेली, आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती सिस्टिम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, तीच हायकू. पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. दुसऱ्या पिढीच्या मशीनवरही ती बघता बघता सुरू होते, खिडक्या झटक्यात उघडतात. पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि डेमोंमधला जीएलटीपॉट उघडा. एक चहाची किटली गोल फिरते आणि सोबत फ्रेमचा आकडा दिसतो. खिडकी मोठी करत जा, आकडा घसरत जाईल. ते का, हे नीट समजून घ्या : हायकूत बहुतेक कार्डांसाठी थ्रीडीचा ड्रायव्हरच नाही, किटलीचा प्रत्येक ठिपका प्रोसेसर रंगवतोय. म्हणून तिथे नवे थ्रीडी गेम नाहीत. पण हायकूडेपोमध्ये (हायकूच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये) ओपनटीटीडी, वेसनॉथ, सुपरटक्स, आणि जुने गेम चालवणारे स्कमव्हीएम आणि डॉसबॉक्स आहेत, कारण एसडीएल तिथे पोचलंय. वाइनचीही जुळणी झाली आहे, साध्या गेमपुरती ती उपयोगी आहे. कार्डांसाठी व्हल्कनचे ड्रायव्हर जमले, तर हायकूचं चित्र पालटेल. सी++ येणाऱ्या आणि काहीतरी भरीव करायचं असलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं मैदान मला दिसत नाही.

फ्रीबीएसडीची बाजू भक्कम आहे. एनव्हिडिया तिच्यासाठी स्वतः ड्रायव्हर देते, वाइन आहे, लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायचा थर आहे आणि त्यावरून स्टीमही चालवता येतं. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडीवरूनच घडवलेली आहे. मात्र सगळं कमांड लिहून बसवावं लागतं. लिनक्सवर वर्षभर हात बसला की मग या.

रिअ‍ॅक्टओएस विंडोजसारखीच सिस्टिम नव्याने लिहू पाहते, रोख विंडोज सर्व्हर २००३ च्या आसपासचा. मार्च २०२५ मध्ये ०.४.१५ आली, पण अजून ती अल्फाच, म्हणजे कच्चीच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (चालू सिस्टिमच्या आत दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बघा, खऱ्या डिस्कवर नको.

फ्रीडॉस तुमच्याकडे आधीच असेल! स्वस्त लॅपटॉपवर "डॉस" म्हणून येतं ते बहुधा हेच. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं हे काम एप्रिल २०२५ मध्ये १.४ पर्यंत आलं. प्रिन्स ऑफ पर्शियासाठी हे साहजिक घर वाटतं, पण नव्या मशीनवर दोन अडथळे येतात. फक्त यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या मशीनवर फ्रीडॉस सुरूच होत नाही, आणि जुन्या गेमना साउंड ब्लास्टर कार्ड हवं असतं, ते आता कुणाकडे नाही. एसबीईएमयू नावाचा प्रोग्रॅम काही मशीनवर त्या कार्डाचं सोंग घेतो. नुसतं खेळायचंच असेल तर लिनक्सवरचा डॉसबॉक्स सोपा.

एआरओएस, मॉर्फओएस, रिस्क ओएस यांचे चाहते निष्ठावान आहेत. नवख्या गेमरने तिथे सुरुवात करू नये, एवढंच म्हणतो. सेरेनिटीओएससारखी नवी सिस्टिमही डूम चालवून दाखवते. डूमच सगळीकडे का? आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि त्याला सिस्टिमकडून फार थोडं लागतं : पडद्यावर ठिपके, कीबोर्ड आणि घड्याळ. ज्या गेमचा कोड खुला होतो तो कुठल्याही सिस्टिमवर जाऊ शकतो, कंपनी बंद पडली तरी.

पुढे काय दिसतं

लिनक्सपुरतं बोलायचं तर वारं अनुकूल आहे. मार्च २०२५ च्या ६.१४ कर्नलमध्ये एनटीसिंक आलं, त्यामुळे विंडोज गेमचे धागे (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांची वाट बघतात ते काम कर्नलमध्येच होतं आणि काही गेममध्ये झटके कमी होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नवी स्टीम मशीन जाहीर केली, यावेळी प्रोटॉनच्या जोरावर. तरी स्टीमच्या पाहणीत २०२५ च्या अखेरीस लिनक्सवाले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. अँटी-चीटवाल्या कंपन्यांना आपली दखल घ्यावीशी वाटेल इतकी ही संख्या नाही. ते दार उघडायचं तर संख्या वाढायला हवी, दुसरा रस्ता मला दिसत नाही.

पायरी ७ : तुमचा अहवाल लिहा

गेम चालला किंवा नाही चालला, प्रोटॉनडीबीवर अहवाल टाका. तिथे महागड्या कार्डवाल्यांचे अहवाल ढिगाने आहेत, सेकंडहँड ऑप्टिप्लेक्सवाल्यांचे कमी. स्टीममध्ये हेल्प मेनूतून सिस्टिमची माहिती कॉपी करता येते, ती जोडा. प्रोटॉनची नेमकी आवृत्ती, कुठल्या सेटिंगवर किती फ्रेम मिळाल्या, किती वेळ सलग खेळलात आणि काय बदलल्यावर गेम सुरू झाला, एवढं लिहा. नुसतं "मस्त चालतो" लिहू नका. चौथ्या पिढीच्या मशीनवर तोच गेम चालवायला बसलेल्या जुळे सोलापुरातल्या किंवा बार्शीतल्या पोराला या चार ओळी हव्या असतात.